क्ष बरोबर क्ष अधिक एक

शनिवार, रात्र. भाची रामबागेतल्या घरी आली होती, पायथनचा गृहपाठ घेऊन. 'क्ष = क्ष + १' या ओळीवर अडली. "मामा, हे गणितात खोटंच की!" पोरीचं बरोबर आहे. १९६४ मध्ये डार्टमथच्या केमेनी आणि कुर्ट्झ यांनी बेसिक या संगणक-भाषेत अशा ओळीआधी 'लेट' लिहायला लावलं, म्हणजे ती आज्ञा वाटावी. विर्थने आपल्या पास्कल भाषेत बरोबरीच्या चिन्हाआधी दोन टिंबं दिली. आपण मात्र नुसत्या '='ची, सी भाषेतली सवय पोरांच्या गळ्यात मारतो. शब्दांचंही तसंच: संशोधक अँड्रियास स्टेफिक यांनी थेट नवख्यांनाच विचारलं, तर तेच काम पुन्हा पुन्हा करायला सांगताना 'फॉर'पेक्षा 'रिपीट' त्यांना कितीतरी सोपं वाटलं. एवढं कळायला चाचणी लागावी!

आमच्या इंदुरात घरी मराठी, सराफ्यात हिंदी. दोन्हीकडे क्रियापद शेवटी. पायथनमध्ये 'प्रिंट' आधी. चार्ल्स मूर यांची फोर्थ ही भाषा आपल्या वळणाची: '२ ३ + .' म्हणजे दोन, तीन, मिळव, दाखव. पण सूत्र लांबलं की आधीचे आकडे डोक्यात धरून ठेवावे लागतात, तिथे मोठेही गडबडतात. तेव्हा नुसत्या आपल्या शब्दक्रमानं किंवा आज्ञा देवनागरीत लिहून भागेल, असं मला वाटत नाही. आधी चूक दाखवणारा मजकूर मराठीत यावा, माणसानं सांगावा तसा. पोरं रडकुंडीला येतात ती तिथेच.