आंबिवलीच्या शाळेतील एक सकाळ

कल्याणहून टिटवाळ्याच्या लोकलने निघाले म्हणजे शहाड मागे पडते, उल्हास नदीचा पूल लागतो, आणि पुलाचा खडखडाट कानांतून जातो न जातो तोच आंबिवली येते. टिटवाळ्याच्या गणपतीस जाताना हे स्थानक आम्ही आजवर किती वेळा पाहिले असेल याची मोजदाद नाही. परंतु तेथे पाय उतार होण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. अंगारकीच्या दिवशी तर या स्थानकावर गाडी थांबली म्हणजे, ‘आता हिने लवकर सुटावे’ याहून दुसरा विचार मनात येत नसे. गेल्या डिसेंबरात मात्र आम्ही व आमचे कुटुंब अशी उभयता मुद्दाम तेथेच उतरलो, आणि त्यास कारण घडले आमच्या पुतण्याची सहा वर्षांची लेक.

पुतण्या चार वर्षांपूर्वी पारनाक्यावरील आमचे घर सोडून आंबिवलीस राहावयास गेला. मुलगी आता पहिलीत जावयाची. घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर कॅथलिक जोगिणींची, म्हणजे सिस्टरांची, एक प्राथमिक शाळा आहे. तेथे तिचे नाव घालावे असा त्याचा व सूनबाईचा विचार. दुसऱ्या शाळा नाहीत असे नव्हे, परंतु तेथे जाण्यास बसमध्ये जातायेता दोन तास मोडावयाचे. ही गोष्ट रविवारी जेवणाच्या पंगतीत निघाली मात्र, आमच्या वडील वहिनींच्या हातातील वाढप जागच्या जागी थांबले.

“गळ्यात काय घालतील आणि कानात काय सांगतील, कोणी पाहिले आहे?” त्या म्हणाल्या. पुतण्याने पुष्कळ समजावले. वहिनी ऐकून घेत होत्या, पण ऐकत नव्हत्या. अखेर त्यांनीच तोड काढली. “भावोजी, तुम्ही दोघे जाऊन डोळ्यांनी पाहून या. तुम्ही बरे म्हणालात तर मी बोलायची नाही.” असा हा न्यायाधीशपणा न मागता आमच्या गळ्यात पडला. आणि खरे सांगावयाचे तर आमच्याही मनात थोडी धाकधूक होतीच, फक्त ती निराळ्या कारणाची होती. ते पुढे येईलच.

स्थानकाबाहेर रिक्षांची रांग, भाजीवाल्या आगरी बायकांच्या पाट्या आणि मोहने, अटाळी, वडवली या गावांची नावे घेऊन ओरडणारे रिक्षावाले, असा नेहमीचा उपनगरी थाट होता. मोहन्याचे नाव ऐकले की आमच्या पिढीतील कल्याणकरास एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे एनआरसी. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा हा कारखाना म्हणजे या सबंध टापूचा अन्नदाता. भोंगा झाला की घड्याळे लावावयाची, बोनस झाला की कल्याणच्या बाजारात गर्दी व्हावयाची. २००९ साली त्या कारखान्यास टाळे लागले, आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न त्यानंतर वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्यांत फिरत राहिला. आज रिक्षा चालविणारे, इमारतींच्या दाराशी पहारा करणारे अनेक जण एके काळी त्या कारखान्याचे कायम कामगार होते. आम्हांस शाळेपर्यंत नेणारा रिक्षावालाही त्यांतलाच निघाला. त्याच्या दोन मुली याच शाळेतून पुढे गेल्या. टाळेबंदीच्या त्या पहिल्या वर्षी फी भरण्यास पैसे नव्हते, तेव्हा मोठ्या सिस्टरांनी “जमेल तसे आणून द्या” एवढेच सांगितले, आणि वर्षभर पुन्हा विषय काढला नाही, असे त्याने वाटेत सांगितले. “सगळे फेडले, साहेब,” हे वाक्य त्याने दोनदा उच्चारले.

शाळेची इमारत दुमजली, साधी, पिवळ्या रंगाची. पटांगणात एक वडाचे झाड, आणि त्याच्या पारावर निळे वस्त्र पांघरलेल्या मेरीमातेची लहानशी मूर्ती. पायाशी झेंडूची फुले वाहिलेली होती. आमच्या कुटुंबाचे पहिले लक्ष त्या झेंडूकडेच गेले.

आम्ही गेलो तो दिवस नाताळाच्या सुटीपूर्वीच्या आठवड्यातला. पटांगणाच्या एका कोपऱ्यात तिसरी-चौथीची मुले गव्हाणीचा देखावा उभारण्यात गर्क होती. बेथलेहेमास येशूचा जन्म गुरांच्या गोठ्यात झाला या कथेचा तो देखावा. वाचकहो, हे काम पाहताना आमचा पाय तेथून हलेना! कारण समोर जे चालले होते ते आम्ही जन्मभर पाहत आलो आहोत. फक्त दिवाळीतला किल्ला येथे नाताळात अवतरला होता. तीच कालवलेली माती, तीच पोत्यावर थापण्याची घाई, मोहरी पेरून आणलेली तीच इवली हिरवळ, आरशाच्या तुकड्याचे तेच तळे. आणि ‘माझा डोंगर तू का मोडलास’ म्हणून तेच भांडण. एका आगरी शेतकऱ्याच्या मुलाने घरच्या खळ्यावरून भाताचा पेंढा आणला होता. तो शहरातल्या मुलांस मोठ्या अधिकाराने सांगत होता, “असा नाही पसरायचा, गुरांना झोपायचा असतो.” एका मुसलमान मुलीच्या हाती उंट होते; ते नेमके कोठे ठेवावेत याविषयी तिचा निर्णय होत नव्हता. मेंढपाळांच्या रांगेत कोणी तरी किल्ल्यावरचा एक मावळा आणून उभा केला होता. मार्गदर्शन करणाऱ्या शिक्षिकाबाईंनी तो पाहिला, क्षणभर विचार केला, आणि तसाच राहू दिला.

हा देखावा मांडण्याची चाल असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या गावी सुरू केली असे सांगतात. त्याच फ्रान्सिसच्या पंथाचे चार साधू पुढे शंभर वर्षांच्या आतच, १३२१ साली, आपल्या ठाण्यास येऊन पोहोचले होते आणि तेथेच मारले गेले. तेव्हा पोर्तुगीजांचा पत्ताही नव्हता. याच्याही मागे जावयाचे तर सहाव्या शतकातील कॉसमस नावाच्या ग्रीक प्रवाशाने ‘कॅलियाना’ बंदरात इराणातून नेमलेला एक ख्रिस्ती धर्माध्यक्ष असल्याचे लिहून ठेवले आहे. ते कॅलियाना म्हणजे आपलेच कल्याण, असे पुष्कळ विद्वान मानतात. ख्रिस्ती धर्म हा आपल्या मुलखात परवा साहेबाच्या आगबोटीतून उतरला, अशी जी आपल्या घरांतून समजूत असते ती कितपत खरी, हे यावरून दिसेल. पोर्तुगीजांच्या अमदानीत वसई-साष्टीकडे बळजबरी झाली हेही तितकेच खरे, व ते झाकण्याचे कारण नाही. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, आणि चर्चांतील घंटा निघून देवळांत लागल्या. नाशिकच्या नारोशंकराची, भीमाशंकरची, मेणवलीची घंटा त्यांतल्याच. वहिनी भीमाशंकरास तीनदा जाऊन आल्या आहेत.

मोठ्या सिस्टरांची भेट त्यांच्या लहानशा खोलीत झाली. वय पन्नाशीपलीकडचे, अंगावर फिकट रंगाची साडी, बोलणे स्वच्छ मराठी. आम्ही इंग्रजीत तयारी करून गेलो होतो, ती वाया गेली. त्या मूळच्या वसईकडील शेतकरी घराण्यातील. घरी सामवेदी बोली. तेव्हा आम्ही म्हणालो की, ही बोली वसईचे सामवेदी ब्राह्मणही बोलतात ना? त्या हसल्या. “हो तर. आमच्या वाडीच्या शेजारीच त्यांची वाडी. बोली एक, केळीची बाग एक, विहिरीचे पाणी एक. देव तेवढे वेगळे.”

आम्ही वहिनींचा प्रश्न आडवळणाने विचारला. सिस्टरांस तो नवा नव्हता. आठवड्याच्या वेळापत्रकात काही तास असे असतात की, त्या वेळी कॅथलिक मुले धर्मशिक्षणास जातात, व बाकीच्या मुलांस मूल्यशिक्षणाचा तास असतो. एकेका वर्गात कॅथलिक मुले बोटांवर मोजण्याइतकीच. पालकांच्या संमतीवाचून कोणाही मुलास धर्मशिक्षणास बसविता येत नाही, हे घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमातच आहे, आणि अल्पसंख्याकांस स्वतःच्या शाळा काढण्याचा हक्क तिसाव्या कलमात आहे. सकाळची प्रार्थना मात्र सर्वांस सामाईक. ती आम्ही ऐकली. देवाचे नाव त्यात होते, कोणत्या देवाचे ते नव्हते. पाठोपाठ राष्ट्रगीत, आणि त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस त्यांना टाळ्या. वाढदिवसास चॉकलेटे वाटण्याची येथे बंदी आहे. त्याऐवजी मुलाने वर्गाच्या कपाटात एक गोष्टीचे पुस्तक ठेवावयाचे. ही चाल आम्हांस फार आवडली. पुस्तके चाळून पाहिली, तर दहांत आठ इंग्रजी.

येथेच आमची धाकधूक होती. प्रांगणात दोन मुली आपसांत मराठीत बोलत होत्या. एका तरुण शिक्षिकेने जाता जाता बोट ओठांवर ठेवून “इंग्लिश, इंग्लिश” म्हटले, आणि त्या मुली गप्प झाल्या. इंग्रजीत बोलू लागल्या नाहीत, गप्प झाल्या. आम्ही ते सिस्टरांस सांगितले. धर्म बुडेल ही भीती आम्हांस फारशी नाही, भाषा बुडेल ही आहे, असेही स्पष्टच बोललो.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “माझी स्वतःची शाळा मराठी. आमच्याकडे चर्चमधली प्रार्थना, प्रवचन, सगळे मराठी.” हे आम्हांस ठाऊक होते. व्हॅटिकनच्या १९६२ ते १९६५ या वर्षांत भरलेल्या धर्मपरिषदेनंतर लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या, आणि वसईच्या चर्चांतून मराठी घुमू लागली. वसईजवळच्या नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुवार्ता’ मासिक चालविले, बायबल सुबोध मराठीत आणले, आणि २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ साली ते निवर्तले. १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापणारा फादर स्टीफन्स तर जन्माने इंग्रज. त्याने हजारो ओव्या लिहिल्या त्या मराठीत. आणि चारशे वर्षांनंतर त्याच परंपरेच्या शाळेत मराठी मुलीस मराठी बोलल्याबद्दल बोट दाखविले जावे!

“मराठी वर्ग आम्ही आजही काढू,” सिस्टर म्हणाल्या, “पण मुले कोठून आणायची? तुमचे पुतणे घालतील का?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्या स्वतःच्या तिन्ही नातवंडांपैकी एकही मराठी शाळेत नाही. आमचे कुटुंब या वेळी खिडकीतून बाहेर पाहत होते. शाळेत मराठी शिकवणे आता कायद्यानेच सक्तीचे आहे, २०२० साली तसा कायदा झाला, परंतु कायद्याने तास मिळतो, गप्पा मिळत नाहीत. सिस्टरांनी एक गोष्ट मात्र कबूल केली. त्या तरुण शिक्षिकेस त्या सांगतील, की वर्गात इंग्रजी हवी, पटांगणात नको. “खेळताना मुलाला पडले-झडले तर ते आईलाच हाक मारणार. ती कोणत्या भाषेत मारावी हे मी का ठरवू?” असे त्या म्हणाल्या. आणि पुस्तकांच्या कपाटाविषयी आम्ही काही करू शकू का, असे त्यांनी उलट आम्हांसच विचारले.

निघण्यापूर्वी आम्ही पुन्हा पटांगणात गेलो. संमेलनाच्या तालमी चालू होत्या. पहिलीची मुले कोळीगीतावर नाचत होती, होडी वल्हवण्याचा आविर्भाव उलट्या दिशेने करीत होती, आणि शिकविणाऱ्या बाई कपाळास हात लावून बसल्या होत्या. डब्याच्या सुटीत एक गोवेकरीण शिक्षिका आमच्या हातावर नाताळचा फराळ ठेवून गेली: खोबऱ्याच्या सारणाची नेवरी आणि तळून साखरेत घोळवलेली कलकल. आमच्या कुटुंबाने नेवरी मोडून, सारण बारकाईने पाहून, अभिप्राय दिला, “करंजीच आहे. वेलची कमी.” ती शिक्षिका मोठ्याने हसली, आणि मग दोघींचे कातणीवाचून मुरड कशी घालावी यावर जे सुरू झाले ते घंटा होईपर्यंत. नेवऱ्यांची एक पुडी आमच्या पिशवीत आली.

प्रवेशाचा अर्ज घेऊन दुपारच्या गाडीने परतलो. वाटेत कुटुंबाशी ठरले की, शाळा बरी आहे असे सांगावयाचे, आणि ‘इंग्लिश, इंग्लिश’ची गोष्टही लपवावयाची नाही. त्याचबरोबर दर रविवारी नातीने पारनाक्यावर येऊन वहिनींजवळ मराठी वाचावयाचे, ही अट पुतण्यास घालावयाची. कपाटात ठेवण्यासाठी घरातली जुनी मराठी बालपुस्तके कोणती निघतील याची यादी शहाड येईपर्यंत होऊनही गेली. ती पुस्तके ट्रंकेत वीस वर्षे पडून होती.

संध्याकाळी वहिनींसमोर सर्व निवेदन केले. धर्मशिक्षणाचा तास, मूल्यशिक्षणाचा तास, गव्हाणीतला मावळा, सिस्टरांची सामवेदी बोली, त्या दोन गप्प झालेल्या मुली, सगळे. भीमाशंकरच्या घंटेची गोष्टही सांगितली. वहिनी मान खाली घालून नेवरी पाहत होत्या. त्यांनी ती नाकाशी नेली, परत ताटलीत ठेवली.

“अंडे नाही ना यात?” त्यांनी विचारले.

“नाही, विचारून घेतले आहे,” आमचे कुटुंब म्हणाले.

वहिनींनी तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, “वेलची कमी आहे. तो अर्ज इकडे आण पाहू, आजीचे नाव कोठे लिहायचे असते का त्यात?”