पिता म्हणताना



मोहगावात रविवारी दुपारी आम्ही नवरा-बायको आमच्या ओसरीवर मुलांचे संडे स्कूल घेतो. सात-आठच मुले असतात. गेल्या हिवाळ्यात त्यांतला एक मुलगा प्रभूची प्रार्थना म्हणताना सुरुवातीलाच अडू लागला. देवाला पिता म्हणायचे, तेवढा शब्द गाळायचा आणि पुढचे सगळे नीट म्हणायचा. त्याचा बाप नागपूरला कामाला गेला, तो परत आलाच नव्हता. आम्ही त्याला जवळ घेऊन सांगितले, देव तुझा खरा बाप आहे. तो म्हणाला, "मंग तोही जाईन काय?"

आम्हांला उत्तर सुचले नाही. कसे सुचावे? त्याच आठवड्यात मार्कांवरून आम्ही आमच्या मुलाला इतके टोचून बोललो होतो की दोन दिवस तो आमच्या ताटावर बसला नव्हता.

त्या रात्री रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा विषय निघाला. आपल्याच बाजूला, नागपूरहून राजनांदगावला जाताना, रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला होता. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लक्ष्मीबाई व लहानगा दत्तू त्यांना दुरावले. ही ताटातूट काही वर्षे चालली. उपदेशात आपण टिळकांचा त्याग सांगतो. त्या वर्षांत दत्तूला काय वाटले असेल, ते कोणी सांगत नाही. पुढे मायलेक टिळकांकडे परतले, १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचाही बाप्तिस्मा झाला. टिळक १९१९ मध्ये प्रभूकडे गेले. नंतर त्याच दत्तूने वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून आईकडे आठवणी मागितल्या, आणि त्यातून 'स्मृतिचित्रे' झाली. दुरावलेला मुलगाच बापाला शोधत बसला होता.

आम्ही त्या पोराला बापावरून देव समजावत होतो. लूकच्या १५ व्या अध्यायातला बाप रस्त्यावर धावत सुटतो, तसे आम्ही स्वतःच्या मुलाकडे कधी धावलो होतो? सकाळी आम्ही त्याची माफी मागितली. आमच्या घराण्यात आईबापांनी असे कधी केले नव्हते. जीभ जड झाली. तो नुसता "बरं" म्हणाला आणि चहा प्यायला बसला.

जानेवारीत आंबिया बहारासाठी संत्र्याच्या बागेला ताण दिलेला होता. पाणी बंद, पाने मलूल. दोघा पोरांना घेऊन आम्ही बागेत गेलो. "झाडं मेले काय, काका?" त्या मुलाने विचारले. आम्ही बोलण्याआधी आमचा मुलगाच म्हणाला, "नाही रे. बाबा रोज येऊन पाहतात. लय सुकले तर पाणी सोडतात."

ताण तोडला त्या दिवशी दोघेही पाण्यामागे अनवाणी पळत होते, या आळ्यातून त्या आळ्यात. पुढच्या रविवारी प्रार्थना सुरू झाली तेव्हा आम्ही डोळे मिटून घेतले. त्याने तो शब्द म्हटला की नाही, हे ऐकायला आम्ही कान लावला नाही.