तोळ्यामाशांचा न्याय

न्यायाधीश म्हटला कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें खुनाचे खटले आणि साक्षीदारांच्या उलटतपासण्या उभ्या राहतात. आमच्या मामांच्या न्यायालयांत यांतलें कांहींच नव्हतें. तेथें ना आरोपी, ना पिंजरा. एका बाजूस करदात्याचा वकील, दुसऱ्या बाजूस खात्याचा प्रतिनिधि आणि मध्यें जमाखर्चाच्या कागदांचीं बाडें. मामा प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाचे सभासद होते.

हें न्यायाधिकरण २५ जानेवारी १९४१ रोजीं स्थापन झालें. तत्पूर्वीं कर बसविणारा आणि त्याविरुद्धची तक्रार ऐकणारा, दोघेही एकाच खात्याचे अधिकारी असत. तेव्हां ज्याच्या हातीं ससा तो पारधी, असें लोकांस वाटल्यास नवल नव्हतें. आजही पहिलें अपील खात्यांतच ऐकलें जातें. दुसरें मात्र येथें येतें. आरंभीं दिल्ली, कलकत्ता व मुंबई अशीं तीन पीठें आणि अवघे सहा सभासद होते; आज पुणें, नागपूर व पणजी येथेंही पीठें आहेत. पीठावर बहुधा दोघे बसतात, एक कायदा जाणणारा व दुसरा हिशेब जाणणारा. दोघांचें न जुळल्यास तिसऱ्याचें मत घेऊन बहुमतानें निकाल होतो.

मामा चांगली चाललेली वकिली सोडून या पदावर गेले. मग बदल्या सुरू झाल्या. व्यापारी स्नेह्यांकडील लग्नाचीं आमंत्रणें ते नम्रपणें टाळूं लागले. दिवाळींत कोणी मिठाईची पेटी पाठविली कीं ती उंबऱ्यावरूनच परत जाई. आम्हां मुलांना तेव्हां त्यांचा मनस्वी राग येई.

निवृत्तीनंतर एकदां झोपाळ्यावर बसले असतां ते म्हणाले, “उच्च न्यायालय कायद्याचा प्रश्न ऐकतें. वस्तुस्थिति काय, हें मात्र आम्हीं ठरविलें म्हणजे बहुधा ठरलें. त्याचें ओझें फार.”

मग नांवगांव न सांगतां त्यांनीं एका गृहिणीची हकीकत सांगितली. घराची झडती झाली, कपाटांत सोनें निघालें. हें आईनें व सासूनें घातलेलें स्त्रीधन, असें तिचें म्हणणें. पावती एकही नव्हती. पीठानें निम्मे दागिने स्त्रीधन म्हणून मान्य केले. उरलेल्यांवर कर कायम राहिला. निकालांत कायद्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून पुढें जाण्याची वाटही नव्हती. सुनावणीच्या दिवशीं ती बाई मागच्या बाकावर बसली होती. तिच्या हातांत काचेच्या बांगड्या होत्या, एवढें मामांच्या लक्षांत राहिलें होतें.

त्यानंतर कांहीं वर्षांनीं, ११ मे १९९४ रोजीं, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळानें एक सूचना काढली. झडतींत विवाहित स्त्रीकडील ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीकडील २५० ग्रॅम व पुरुषाकडील १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करूं नयेत, अशी ती होती. सूचना जप्तीपुरती खरी. परंतु पुढें कांहीं न्यायालयांनीं दागिन्यांचा खुलासा तोलतांनाही तिचा आधार घेतला.

तिच्याविषयीं वाचून मामांनीं मामींना हांक मारली. “तुझ्या आईनें तुला किती तोळे घातले होते ग?”

“सोळा,” मामी आंतूनच म्हणाल्या. “पण पावती मागाल तर नाहीं हो माझ्यापाशीं!”

मामा त्यावर हंसले नाहींत. त्या दिवशीं त्यांनीं जेवणही नीट केलें नाहीं.

त्यांचा निकाल चुकला होता, असें आम्ही म्हणत नाहीं. पुढ्यांत जेवढा पुरावा होता, तेवढ्यावर त्या दोघांनीं तो दिला. परंतु तेव्हांपासून आमच्या घराण्यांत एक चाल पडली आहे. लग्नांत मुलीच्या अंगावर घातलेल्या प्रत्येक दागिन्याची वजनासह यादी करावयाची आणि तिच्यावर दोन्ही पक्षांच्या सह्या घ्यावयाच्या. पहिली यादी मामांनीं स्वतःच्या हातानें लिहिली. व्याही मंडळी हंसतात, क्वचित् कोणी रागावतातही. पण यादी झाल्यावांचून आमच्याकडे वरात निघत नाहीं.