सही करण्याआधी

अंतरवाली सराटी, ता. अंबड

प्रिय सखी,

तुझं पत्र पोचलं. घरामागच्या रस्त्यावर नाचाचा क्लब निघणार, गुन्हे वाढतील, म्हणून तिथल्या बाया सह्या गोळा करतायत आणि तू पेचात पडलीस. विचारलंस म्हणून मनातलं सगळं लिहिते.

शेजारच्या गावची ती जत्रा आठवते? आपण दोघी तमाशाच्या कनातीच्या मागं गेलो होतो. राहुटीत एक बाई चाळ बांधून तयार बसली होती, मांडीवर तान्हं लेकरू पीत होतं. ते झोपेला आलं होतं, चाळ वाजू नयेत म्हणून तिनं पाय जराही हलू दिले नाहीत. त्याच रात्री पिऊन आलेल्या पोरांनी दगड मारले, दोघांची डोकी फुटली. सकाळी पारावर निकाल लागला, तमाशा आणला म्हणून झालं. दारू कुणी विकली, दगड कुणी उचलला, कुणी विचारलं नाही. फड गेला, दारू गावातच राहिली. पुढच्या पोळ्याला पुन्हा डोकी फुटली, तेव्हा तर तमाशाही नव्हता.

पुढं राज्यातही हेच घडलं. 2005 साली आर. आर. पाटील गृहमंत्री असताना डान्सबारवर बंदी आली. त्यामागची काळजी खोटी नव्हती, पगार उधळून घरी रिकाम्या हातानं येणारे नवरे खरेच होते. पण कायद्यानं तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांतला नाच चालू ठेवला. तोच नाच श्रीमंतापुढं चालतो आणि गरिबापुढं बिघडवतो, हे कसं? उच्च न्यायालयानं 2006 मध्ये बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं 16 जुलै 2013 ला तेच कायम केलं. 75,000 हून जास्त बायकांचं काम गेलं आणि त्यातल्या कितीतरी जणींना पोटासाठी देहविक्रीकडं वळावं लागलं, ही गोष्ट न्यायालयापुढं आली होती. दुखण्यापेक्षा औषध वाईट ठरलं, असंच न्यायालयाचं म्हणणं पडलं. पुढं 2016 च्या कायद्यानं शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अट घातली, ती सर्वोच्च न्यायालयानं 2019 मध्ये रद्द केली. रात्री साडेअकराला बंद करायची वेळ मात्र न्यायालयानं राहू दिली. मला ती रास्त वाटते.

आता कुणी आकडे दाखवले, तर ते कशाचे आहेत तेवढं विचार. न्यूयॉर्कवरच्या एका अभ्यासात असे क्लब निघाल्यावर लैंगिक गुन्हे 13 टक्क्यांनी घटले, असं आलं होतं. मग दुसऱ्या अभ्यासकांनी बोट ठेवलं, की त्यात गुन्हे मोजलेच नव्हते. पोलिसांनी रस्त्यात अडवून केलेल्या चौकशा-झडत्या मोजल्या होत्या, आणि क्लब उघडल्याची तारीख म्हणून नोंदणीची तारीख धरली होती. म्हणजे क्लबमुळं गुन्हे घटतात, हेही त्यातून ठरत नाही.

आकडे नसले तरी शिक्का बसायला एक दिवस पुरतो, सखे. 1 सप्टेंबर 2023 ला इथं मराठा आरक्षणाच्या उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांचा लाठीमार झाला. तेव्हापासून अंतरवाली म्हटलं की लोकांना तेवढंच आठवतं. इथली पेरणी, इथल्या लेकीबाळी कुणाच्या डोळ्यापुढं येत नाहीत. म्हणून कुणावर शिक्का मारायचा म्हटलं की माझा जीव अडखळतो.

तू सभेला जा. क्लब किती वाजता बंद होणार, बाहेर दिवे लागणार का, पिऊन धिंगाणा घालणाऱ्याला कोण आवरणार, ते विचार. मुख्य म्हणजे तिथं नाचणारी बाई रात्री घरी कशी जाणार, आणि तिला कुणी हात लावला तर तिची तक्रार पोलीस लिहून घेतील का, हे विचार. याची नीट उत्तरं मिळाली नाहीत, तर खुशाल सही कर. पण कागदावर त्या बाईविरुद्ध एक शब्द असला, तरी करू नकोस.

सभेत काय झालं ते कळव. वाट बघते.

तुझीच,
बालमैत्रीण