चार बाय सहाची चौकट

आपल्या पोरानं गोल करावेत असं प्रत्येक आईबापाला वाटतं. त्यानं जन्मभर गोल अडवत उभं राहावं असं वाटणारे पालक मला अजून भेटायचेत. कॅनडात कॅलगरीला असलेल्या माझ्या मुलालाही तसं वाटलं नव्हतं. पण नातवानं आठव्या वर्षी बर्फावरच्या हॉकीतली गोलरक्षकाची जाडजूड पॅडं पायाला बांधली आणि ती उतरवायला तो काही तयार होईना.

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं चार महिने तिकडे होतो. दर शनिवारी पहाटे मुलगा नातवाला सरावाला न्यायचा, आणि कानटोपी, शाल, वर मुलाचा जुना कोट अशा थाटात मीही बाकावर जाऊन बसायचो. गोलरक्षकांना शिकवायला तिथं वेगळा कोच असतो. हे गृहस्थ क्वेबेकचे. मातृभाषा फ्रेंच, शिकवणं इंग्रजीत आणि रागावणं पुन्हा फ्रेंचमध्ये. बेळगावकराला यात नवल वाटायचं कारण नाही. आमचे एक मास्तर भूमिती मराठीत शिकवत आणि मार कानडीत देत.

पहिला महिनाभर या कोचनं मुलांना एकही फटका अडवू दिला नाही. नुसतं घसरायचं, थांबायचं, एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकायचं. मला वाटे, गोलरक्षक म्हणजे चपळाई. मग ही कवायत कशाला? मी आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. एकदा बाकावर बसल्या बसल्या हिशेब मांडला. या खेळात चेंडू नसतो, रबराची चकती असते, तिला पक म्हणतात. व्यास ३ इंच, जाडी १ इंच, वजन १५६ ते १७० ग्रॅम. कसलेल्या खेळाडूचा फटका ताशी १६० किलोमीटरनं येतो. निळी रेघ गोलपासून ६४ फुटांवर. तिथून पक यायला ०.४४ सेकंद लागतात. २० फुटांवरून मारला तर ०.१४ सेकंद. आणि डोळ्यानं पाहून हात हलायलाच माणसाला साधारण ०.२ सेकंद हवेत! म्हणजे जवळचा फटका पाहून अडवणं अशक्यच. तो अडतो तो आधीच योग्य जागी उभं राहिल्यामुळं.

ही योग्य जागा कोचनं दोरीनं दाखवली. दोन्ही खांबांना दोरी बांधून दोन्ही टोकं पकपाशी आणली. झाला त्रिकोण. गोल ६ फूट रुंद, ४ फूट उंच. पोर त्या रेषेवर उभं राहिलं तर दोन्ही बाजूंना मोकळं रान. तेच पोर दोन पावलं पुढं सरकलं की दोऱ्या त्याच्या खांद्यांना लागतात. समईपुढं हात धरून भिंतीवर सावल्या पाडायचा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलाय. हात ज्योतीजवळ नेला की सावली भिंतभर होते, तसंच हे. मात्र फार पुढं गेलं, की समोरचा पक आडवा सरकवून साथीदाराकडं देतो आणि मागं रिकामं घर. किती पुढं जायचं हे दोरी सांगत नाही.

या विद्येतही घराणी आहेत. क्वेबेकच्याच फ्रांस्वा अलेरनं पॅट्रिक रॉयला घडवलं. गुडघे बर्फावर टेकून दोन्ही पॅडं फुलपाखराच्या पंखांसारखी पसरायची, खालची बाजू बंद करायची आणि अंगच भिंत करायचं. १९८६ साली विसाव्या वर्षी रॉयनं मॉन्ट्रियलला स्टॅन्ली कप मिळवून दिला आणि मग गल्लोगल्लीची पोरं गुडघ्यावर बसू लागली. उलट चेक देशाचा डॉमिनिक हाशेक. लोळेल, उताणा पडेल, काठी टाकून हातानं पक झाकेल. १९९८च्या नागानो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत कॅनडाचे पाचही पेनल्टी फटके त्यानं अडवले आणि चेक संघ सुवर्णपदक घेऊन घरी गेला. आमचे कोच अलेरच्या घराण्यातले, पण नातू घाबरला की हाशेकसारखा लोळतो, ते त्यांनी मोडलं नाही. आधी उभं राहायला शिकव, लोळणं त्याचं त्याला येतं, म्हणाले. हा विवेक मला फार आवडला. आमच्या शिक्षकी पेशात तो दुर्मीळ.

जानेवारीत एका सामन्यात नातवानं नऊ गोल खाल्ले. प्रत्येक गोलला पाठीमागचा लाल दिवा पेटतो, भोंगा वाजतो. नऊ वेळा वाजला. परतताना मुलानं गाडीत एकेका गोलचं शवविच्छेदन केलं. नातू खिडकीबाहेर बघत होता. रात्री मुलगा मला म्हणाला, “बाबा, पुढच्या वर्षी याला फॉरवर्डला घालतो. मला हे बघवत नाही.”

पुढच्या शनिवारी कोचनं वही काढली. त्यात गोलांची संख्याच नव्हती. दोन रकाने होते, जागेवर होता आणि जागेवर नव्हता. नऊपैकी सहा गोलांच्या वेळी पोर बरोबर जागी होतं. ते सहा तुझे नाहीत, कोच म्हणाले, उरलेल्या तिनांवर आज काम करू. मग त्यांनी मुलाला बाजूला घेतलं. एकच अट घातली: घरी जाताना गाडीत खेळाविषयी अवाक्षर काढायचं नाही. “गाडी माझी, पोरगं माझं,” मुलगा माझ्याकडं येऊन पुटपुटला. पण अट पाळली.

तीन शनिवार गाडीत नुसता हीटरचा आवाज. चौथ्या शनिवारी नातवानंच तोंड उघडलं. एरवी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देणारं पोर मराठीत विचारतं, “आजोबा, तुमच्याकडं गोली होता?”

मी शंकर लक्ष्मणांची गोष्ट सांगितली. जन्म महूचा, पण नोकरी मराठा लाइट इन्फन्ट्रीत, जिचं केंद्र आमच्या बेळगावात. १९५६चं सुवर्ण, १९६०चं रौप्य, आणि १९६४ला टोकियोत पाकिस्तानला १-० हरवून पुन्हा सुवर्ण. त्या संघात आमच्या गावचे बंडू पाटीलही होते. शंकर लक्ष्मण २००६ साली महूलाच गेले. पायाला पॅडं होती, पण तोंडाला काही नाही.

“काहीच नाही?” नातू पुढं सरकला. “प्लांतला पण नव्हता. मग न्यू यॉर्कला तोंडावर लागला. रक्त, टाके. मग तो बोलला, मास्क घालणार, नाहीतर नाही खेळणार. कोचला नको होता.” तारीखही सांगितली, १ नोव्हेंबर १९५९. व्याकरण जिथं अडलं तिथं त्यानं हातांनी निभावून नेलं.

मुलगा गाडी चालवता चालवता ऐकत होता. सिग्नलला थांबल्यावर त्यानं मान वळवली. “बाबा, त्या शंकर लक्ष्मणांनी एकूण किती गोल खाल्ले हो?”

“बाबा,” मागच्या सीटवरून नातू म्हणाला, “गाडीत नाही.”