अकबर, हिस्सा दोम

फोल्डरला मी नाव दिलं होतं ‘अब्बा’. इंग्रजी अक्षरांत, ए-बी-बी-ए. फाइलींना आपोआप नावं देणाऱ्या प्रोग्रामला तो फोल्डर दाखवला, तेव्हा त्याने क्षणभर विचार केला आणि स्वीडनमधल्या ‘अब्बा’ या गाणाऱ्या मंडळींवरचा माहितीपट समोर ठेवला. हाच ना, म्हणून विचारलं. बार्शीच्या उर्दू शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस आणि ते चमचमत्या कपड्यांतले चौघे! मी एकटीच हसत बसले. पुढचे तीन आठवडे मात्र हसू फारसं आलं नाही.

अब्बांचा इंतकाल होऊन दोन वर्षं झाली होती. अम्मीच्या पलंगाखालच्या पेटीत पंधरा व्हीएचएस कॅसेट निघाल्या. १९८८-८९ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ लागायची. मामूंनी जेद्दाहून व्हीसीआर आणला होता, आणि गल्लीत सगळे त्याच्यावर सिनेमे बघत असताना आमच्या अब्बांनी त्याच्यावर नेहरूंचं पुस्तक रेकॉर्ड करून ठेवलं. तीन तासांची कॅसेट, एका कॅसेटीत तीन भाग. मालिका त्रेपन्न भागांची, अब्बांकडे चव्वेचाळीस. प्रत्येक कॅसेटीच्या पाठीवर त्यांच्या हातची उर्दू चिठ्ठी, भागाचं नाव आणि क्वचित तारीख.

भाईजान म्हणाला, ‘‘यूट्यूबवर आहे की सगळी मालिका. कशाला एवढा खटाटोप?’’ आहे, मलाही माहीत आहे. पण त्या मालिकेत आमच्या घरची लाइट जात नाही.

सोलापूरच्या एका दुकानातून कॅसेटी पेन ड्राइव्हवर उतरवून आणल्या. चव्वेचाळीस फाइली. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, उर्दू जोडाक्षर आलं की मी अडखळते. म्हणून अम्मीने चिठ्ठ्या वाचल्या आणि मी रोमन अक्षरांत नावं टाइप केली. अम्मी वाचायची, ‘‘अकबर, हिस्सा दोम.’’ मी लिहायचे, अकबर २. दोम लिहायला काय झालं होतं, असं आज वाटतं. त्या एका आळसाने पुढचा सगळा घोळ झाला.

अम्मीच्या टीव्हीवर ही मालिका नीट दिसावी, एवढंच मला हवं होतं. चित्र, भागाचं नाव, एकामागून एक भाग. त्यासाठी जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा प्रोग्राम घरच्या कॉम्प्युटरवर चालवतात. हे प्रोग्राम व्हिडिओच्या आत डोकावून बघत नाहीत, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. पडद्यावर अकबर आहे की ॲशेस मालिका, त्यांना काही कळत नाही. ते फक्त फाइलचं नाव वाचतात, त्यातून मालिकेचं नाव, सीझन आणि एपिसोडचा आकडा वेगळा काढतात, आणि तो आकडा ‘द टीव्हीडीबी’सारख्या इंटरनेटवरच्या यादीशी जुळवतात. म्हणून नाव ठरावीक साच्यात लागतं : मालिका, मग एस०१ई०१. एस म्हणजे सीझन, ई म्हणजे एपिसोड. चव्वेचाळीस नावं हाताने बदलायचा कंटाळा, म्हणून नावं बदलणारा दुसरा प्रोग्राम.

फोल्डरचं नाव बदलल्यावर स्वीडिश मंडळी गेली आणि मालिका बरोबर सापडली. आता भाग जुळायला हवे होते. जुळले तीन. बाकी एकेचाळीस फाइलींसमोर लाल खूण. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं. मी प्रत्येक नावाच्या आधी कॅसेटीचा आकडा घातला होता. बाराव्या कॅसेटीतला तिसरा भाग म्हणून १२०३. प्रोग्रामने ते वाचलं बारावा सीझन, तिसरा एपिसोड. पहिल्या कॅसेटीचे तीन भाग पहिल्या सीझनचे म्हणून जुळून गेले. पुढे तो एका सीझनच्या मालिकेचे पंधरा सीझन शोधत बसला. ही जुनीच खोड आहे. नावात सुटा आकडा दिसला की हे प्रोग्राम त्याला सीझन-एपिसोड समजतात. पूर्वी तर नावाच्या शेवटी व्हिडिओच्या प्रकाराचा २६४ हा आकडा असला, तरी काही प्रोग्राम त्याचा दुसरा सीझन, चौसष्टावा एपिसोड करायचे.

मग मी कॅसेटीचे आकडे काढून टाकले. शहाणपणा इतकाच केला की सगळ्या फाइलींवर न चालवता आधी दोन कॅसेटींच्या सहा फाइलींवर चालवून बघितलं. मूर्खपणा असा की ‘त्याच नावाची फाइल आधीच असेल तर तिच्यावर लिहावे’ या चौकोनात खूण होती, आणि ती मीच आदल्या दिवशी केली होती. सारखं विचारत होता म्हणून.

सहा फाइली गेल्या, चार परत आल्या.

त्या सहांत ‘अकबर २’, ‘औरंगजेब २’ आणि ‘शिवाजी २’ होत्या. या मालिकेत कितीतरी विषय दोन-दोन भागांत आहेत. महाभारत, रामायण, अशोक, सत्तावन्न, सगळे. आता नावात दुसरा कुठला आकडाच उरला नव्हता, म्हणून प्रोग्रामने शेवटचा २ उचलला आणि तिघांनाही मालिकेचा दुसरा एपिसोड ठरवलं. अगदी प्राचीन काळात नेऊन बसवलं. तिघांना एकच नाव मिळालं. रोमन अक्षरांच्या क्रमाने आधी अकबर गेला, त्याच्यावर औरंगजेब लिहिला गेला, त्याच्यावर शिवाजी महाराज. शेवटी उरले ते महाराज.

हे मी ऑफिसमध्ये सांगितलं, तर दोघे जण हसले आणि तिसरा माझ्याकडे बघायला लागला. माझं आडनाव त्याला अचानक आठवलं असावं. मग मीही विषय बदलला. आजकाल आपल्याकडे या दोन नावांचा विनोदही आधी चारही बाजूंनी तपासून घ्यावा लागतो. अब्बांना तशी गरज कधी पडली नाही. त्या मालिकेत शिवाजी महाराज झालेत नसीरुद्दीन शाह आणि औरंगजेब झालेत ओम पुरी. अब्बा ते वर्गात मिटक्या मारत सांगायचे, आणि पोरांना म्हणायचे, आता सांगा, कोण कुठल्या बाजूचा?

असो. प्रोग्राममध्ये केलेल्या बदलांची नोंद राहते, मागेही फिरता येतं. मी फिरले. जुनी नावं परत आली. पण नाव परत येणं वेगळं आणि फाइल परत येणं वेगळं. जिच्यावर दुसरी लिहिली गेली, ती मागे फिरून कशी येणार? पेन ड्राइव्ह मी तोवर रिकामा करून भाचीच्या शाळेच्या प्रोजेक्टला दिलेला. दोन कॅसेटी घेऊन पुन्हा सोलापूर. औरंगजेबाची नीट उतरली. अकबराच्या कॅसेटीला पहिल्या खेपेलाच बुरशीचे पांढरे ठिपके होते. दुकानदाराने टेप पुसून, दोनदा अडकवून, कशीबशी चालवली. आता त्या भागात खालच्या बाजूला एक पट्टा थरथरतो. पहिल्या वेळी नव्हता. तो माझ्यामुळे आहे.

त्यानंतर कुठलंही काम करायच्या आधी सगळ्या फाइलींची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवायला लागले. हे आधी का केलं नाही, असं मला विचारू नका, भाईजानने विचारून झालंय.

तिसरा प्रयत्न, क्रमाने लावायचा. डावीकडे माझ्या फाइली ओळीने, उजवीकडे मालिकेतल्या भागांची नावं ओळीने, पहिल्याला पहिलं, दुसऱ्याला दुसरं. वरच्या पाच-सहा ओळी बघितल्या, बरोबर होत्या, बटण दाबलं. संध्याकाळी ‘टिपू सुलतान’ नावाची फाइल उघडली, तर तिच्यात टिपूचा पत्ता नाही. अब्बांचे नऊ भाग राहिलेले आहेत ना. पहिला राहिलेला भाग आला तिथून प्रत्येक नाव एकाने सरकलं, दुसरा आला तिथून दोनाने. खाली जाता जाता सगळे एकमेकांच्या घरात. प्रोग्रामच्या मते मात्र सगळं जुळलं होतं, एकही लाल खूण नाही. लाल खूण परवडली.

तारखांवरूनही थोडं करून बघितलं. एका चिठ्ठीवर होतं ५-३-८९. मी तसंच लिहिलं, प्रोग्रामने अमेरिकन पद्धतीने ३ मे वाचलं. ३ मे १९८९ ला बुधवार होता. ५ मार्चला रविवार. अशा यंत्रांना तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच द्यायची. पण तारखा होत्याच मोजक्या, तो रस्ता तिथेच संपला.

शेवटी अम्मीला शेजारी बसवलं. कागदावर एक ते त्रेपन्न ओळी आखल्या, प्रत्येकीत मालिकेच्या यादीतलं नाव. एकेक फाइल लावायची. सुरुवातीचं वनराज भाटियांचं संगीत सगळ्यांना सारखंच, त्यावरून काही कळत नाही, म्हणून चार मिनिटं पुढे. अम्मीला चार मिनिटंही लागायची नाहीत. एखादी पगडी दिसली की, ‘‘ये फुले का है, सदाशिव अमरापूरकर. तेरे अब्बा रोए थे इसमें.’’ अब्बा रडले होते, हे मला पहिल्यांदाच कळत होतं.

रिकाम्या ओळी आल्या तेव्हा मी पेन खाली ठेवत होते. अम्मी थांबवायची. इथे नानीचा चेहल्लुम होता. इथे ईदच्या खरेदीला सोलापूरला गेलो होतो, तुला चप्पल घेतली. ‘शिवाजी’चा पहिला भाग का नाही? ‘‘लाइट गई थी. तेरे अब्बा बॅटरी ढूँढने कू सायकल पे निकले, आए तब तक खतम.’’ दुसऱ्या दोन ठिकाणीही लाइटच. दोन ठिकाणी तिलाही आठवलं नाही. ती बराच वेळ त्या ओळींकडे बघत राहिली.

मग फाइलींची नावं मी हाताने दिली. एस०१, मग ई आणि खरा आकडा, मध्ये मोकळ्या जागा सोडून. भागाच्या नावात आकडा ठेवलाच नाही. अब्बांनी लिहिलं होतं तसंच लिहिलं, अव्वल आणि दोम. त्याला कुठलंही यंत्र एपिसोडचा आकडा समजत नाही. अर्ध्या दिवसाचं काम होतं, तीन आठवड्यांनी केलं.

जेलीफिनमध्ये एक सोय आहे. यादीत आहेत पण आपल्याकडे नाहीत, असे भागही तो हवे तर दाखवतो. ती मी चालू ठेवली. शिवाय व्हिडिओशेजारी त्याच नावाची एनएफओ प्रकारची छोटी मजकुराची फाइल ठेवली, तर टीव्हीवर इंटरनेटवरच्या माहितीऐवजी तिच्यातला मजकूर दिसतो. चव्वेचाळीस फाइलींत मी अब्बांच्या चिठ्ठ्यांतला उर्दू मजकूर जसाच्या तसा घातला, अम्मीकडून तपासून. त्यात माझ्या चार चुका निघाल्या.

परवा अम्मीने ‘अकबर, हिस्सा दोम’ लावला. खालचा पट्टा थरथरत होता. कुलभूषण खरबंदा बोलता बोलता मध्येच चित्र गेलं आणि पडद्यावर आलं, ‘रुकावट के लिए खेद है’. मला वाटलं फाइल पुन्हा बिघडली, मी रिमोटकडे हात नेला. अम्मीने माझा हात धरला. ‘‘रुक. ये उस वक्त का है.’’

आम्ही दोघी त्या पाटीकडे बघत बसलो.