भिंतीतले कपाट

घरातील सामानाची चल आणि अचल अशी विभागणी करू गेल्यास भिंतीत बसवलेल्या कपाटापाशी येऊन अडायला होते. ते लाकडाचे असते, सुताराने घडवलेले असते, त्याला दारे आणि कडीकोयंडा असतो. तरी बिऱ्हाड हलवताना ते उचलून नेता येत नाही. खुर्ची, पलंग, ट्रंक ही माणसांची. हे कपाट मात्र घराचे. भिंतीला रंग देताना त्यालाही रंग दिला जातो, आणि काही वर्षांनी घरातल्यांच्या नजरेला तेही भिंतच होऊन जाते. त्याच्या मागे काही असेल, त्याच्या खालीही जमीन असेल, हा विचार कुणाच्या मनात येत नाही. तो येतो फरशी बदलण्याचे ठरते तेव्हा.

पुण्यातील नदीकडच्या एका पेठेत, तळमजल्यावरच्या एका जुन्या घरात असे ठरले. शहाबादी फरशी जागोजाग खचली होती. पावसाळ्यात सांध्यांतून ओल वर येत होती. तिच्या जागी दोन फूट चौरस व्हिट्रिफाइड फरश्या बसवायच्या होत्या. गवंड्याने खोलीवरून नजर फिरवली आणि विचारले, "गुरुजी, कपाट ठेवायचं की काढायचं? ठेवलं तर फरशी त्याच्या पायाशी थांबेल." प्रश्न साधा होता, पण एकदा उत्तर दिल्यावर ते फिरवणे सोपे नव्हते. कपाटाला चिकटवून फरशी कापली, तर पुढे कधी ते काढल्यावर तिथे उघडा खड्डा राहतो. आणि एका खेपेच्या फरशीची छटा दुसऱ्या खेपेशी जुळेलच असे नसते. शिवाय जुन्यावर नवे चढले की जमीन वर येते आणि कपाटाची खालची दारे घासू लागतात.

कपाट काढायचे ठरले. गवंड्याची माणसे ते अर्ध्या दिवसात तोडणार होती. शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींनी ते काम स्वतःकडे घेतले. मजुरी वाचवण्याचा हेतू त्यात होताच; पण जुने सागवान घणाखाली चिरफाळलेले पाहवणार नाही, हेही खरे होते.

रिकामे करणे हे पहिले काम. वरच्या फळ्यांवर घराचे कागद, पुस्तके, आईची नऊवारी लुगडी. खाली तांब्यापितळेची भांडी, पाटावरवंटा, खलबत्ता. आई हयात असेतो ही वाटणी कुणाला मोडता आली नव्हती. "खाली कागद नको," एवढेच ती म्हणे. कारण विचारले तर कधी वाळवी सांगे, कधी उंदीर. मुलांनी त्याला 'आईचा कायदा' असे नाव ठेवले होते. सर्वांत वरच्या फळीवर, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेले कागदांचे एक पुडके निघाले. कागद पिवळे, लाटा उठल्यासारखे आणि जवळजवळ कोरे होते. ते रद्दीच्या ढिगावर गेले.

मग उकलण्यास आरंभ झाला. सुतार बांधताना ज्या क्रमाने जातो, त्याच्या नेमके उलट जावे लागते: आधी दारे, मग आडव्या फळ्या, मग पाठ, शेवटी चौकट. बिजागऱ्यांच्या पितळी स्क्रूंच्या खाचा रंगाने बुजल्या होत्या. टोच्याने रंग खरवडून, पेचकस खाचेत ठेवून मुठीवर हातोडीचा हलका ठोका दिल्यावाचून ते हलेनात. आडव्या फळ्या नुसत्या पट्ट्यांवर टेकवलेल्या होत्या. खालून थाप देताच सुटल्या. चौकटीचे होल्डफास्ट मात्र भिंतीत खोल गेलेले. त्यांच्या भोवतीचे सिमेंट छिन्नीने थोडेथोडे फोडावे लागले. पहारीखाली लाकडाचा ठोकळा दिला नाही, तर चौकटीबरोबर गिलाव्याचाही पोपडा निघून येतो. या कामात दोन दिवस गेले. एका फळीच्या मागच्या अंगावर सुताराने पेन्सिलीने मापे टिपली होती, फूट, इंच आणि सूत. आणि खाली साल, १९६२.

पाठ उतरली तेव्हा मागची भिंत दिसली. तिला कपाट बसल्यापासून चुन्याचा हात लागलेला नव्हता. कमरेइतक्या उंचीवर एक तपकिरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. गुरुजींनी गवंड्याची पाणसळ तिला लावून पाहिली. बुडबुडा मधोमध थांबला. इतकी सरळ रेघ हाताने ओढली जात नाही. ती पाणीच ओढते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण, पहिल्याच पावसाळ्यात भरत असताना, फुटले. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही, आणि मुठेकाठच्या पेठा पाण्यात गेल्या. गुरुजींचा जन्म त्यानंतरचा. घरात पाणी शिरले होते एवढे त्यांनी ऐकले होते. किती, ते कुणी सांगितले नव्हते. बाकीच्या भिंती पुढे अनेकदा रंगल्या. एवढाच तुकडा कपाटाआड राहिला. त्यांनी खालून तिसरी फळी उचलून तिच्या जुन्या पट्टीवर पुन्हा टेकवली. ती रेघेच्या चार बोटे वर आली. कागद ठेवायला आईने मुभा दिलेली पहिली फळी तीच.

बडोद्यास असलेल्या थोरल्या बहिणीला त्यांनी दूरध्वनी केला. पुराच्या वेळी ती सात वर्षांची होती. "आईनं सुताराजवळ उभं राहून करून घेतलं होतं ते," ती म्हणाली. "ट्रंक जमिनीवर होती रे. तिच्या आईची सगळी पत्रं तीत. आजी तर तोवर गेलेलीच. पाणी ओसरल्यावर आईनं ती दोरीवर वाळत घातली. कागद वाळले, शाई राहिली नाही."

पुडके रद्दीतून परत घरात आले. उजेडाकडे धरल्यावर एका कागदावर 'चि. सौ.' एवढी अक्षरे लागत होती. पुढचे नाव गेले होते.

भिंतीला लोणा लागला होता, त्यामुळे तो गिलावा झाडावाच लागला आणि रेघही त्याबरोबर गेली. कपाटाखाली फरशी नव्हतीच; तिथे कोबा करून, त्यावर काही दिवस पाणी मारून मग नवी फरशी भिंतीपर्यंत नेली. रंग आणि फरशी यांनी घर नवे होते, तसे शहरही होते. नदी मात्र जुनीच असते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने पुण्यात माणसे नेली. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यालगतच्या एकता नगरीतील घरांत ते शिरले. आईने आपले भय कुणाला सांगितले नाही. फळीची उंची तेवढी ठरवून दिली, आणि साठ वर्षे सर्वांनी ती कारण न कळता पाळली.

निघालेल्या सागवानातून गुरुजींनी सुटे कपाट करून घेतले. नव्या सुताराने विचारले, खालचा कप्पा एवढा उंच कशाला? गुरुजींनी त्याला कारण सांगितले. संध्याकाळी सुनेला आणि नातवालाही, समोर बसवून, सांगितले.